नवसाचा मेंढा

आमच्या केंदूरच्या घरात मोठ्या दिरांचं, मल्हारीचं, नाव काढायची सोय नव्हती. ते फौजेत होते आणि सत्त्याऐंशी साली श्रीलंकेच्या लढाईत गेले. मी लग्न होऊन आले ती त्यानंतर. चुकून कुणी नाव घेतलं, की सासूबाई बयाबाई भाकरी तव्यावर तशीच टाकून उठून जायच्या. भाकऱ्या करपू नयेत म्हणून मीही तोंडाला कुलूप लावलं होतं. बिरोबाच्या देवळातही त्या पाऊल टाकत नसत. आम्ही सगळे आत, त्या बाहेर चपलांपाशी. देवावर रुसल्या असतील, असं आम्ही धरून चाललो होतो.

दीर गेल्यावर दहा वर्षांनी, दसऱ्यानंतर एकदा, यवतचे पोपटराव दारात येऊन उभे राहिले. मल्हारीच्याच पलटणीतले, नुकतीच पेन्शन घेऊन आलेले. चहा झाला, पाऊसपाणी झालं, तरी गडी मुद्द्यावर येईना. शेवटी खाली मान घालून म्हणाले, की माफी मागायला आलोय. आईंनी दिवाळीला पाठवलेले लाडू तळावर पोचले, तेव्हा मल्हारी राहिला नव्हता. टाकून देववेनात, म्हणून पोरांनी वाटून खाल्ले. तो घास अजून घशात अडकलाय.

झालं, आता या उठणार, असं मला वाटलं. पण सासूबाई जागच्या हलल्या नाहीत.

“लाडू कवा पोचलं?”

“वसुबारसेला, आई. त्यो त्याच्या आधीच गेला व्हता.”

“आधी? ऐन दिवाळीत न्हाई?”

“न्हाई. दिवाळी लागायची व्हती अजून.”

सासूबाईंनी भिंतीला पाठ टेकली आणि जे कुणालाच सांगितलं नव्हतं ते सांगितलं. पोरगा लंकेला निघाला तेव्हा त्यांनी बिरोबाला मेंढा बोलला होता. असा मेंढा नवस फिटेपर्यंत कातरायचा नसतो, त्याची लोकर वाढू द्यायची असते. त्या वर्षी ऐन दिवाळीत कातरणी निघाली. गडबडीत सासूबाईंनीच एकेक मेंढरू धरून पुढं दिलं, आणि त्यात तोही दिला. ध्यानात आलं तोवर तो अर्धा कातरून झाला होता. भाऊबीजेला तार आली.

मल्हारी गेल्याची तारीख घरात सगळ्यांना पाठ होती. पण सासूबाई तारखेवर चालत नाहीत, सणावारावर चालतात, आणि नवस मोडल्यानंच लेक गेला हे भय त्यांना खातंय हे आम्हाला कुठं ठाऊक होतं? मला रागच आला. एका शब्दानं विचारलं असतं, तर सासऱ्यांनी तिथल्या तिथं सांगितलं असतं.

“मग म्या न्हाई मारला त्याला,” सासूबाई म्हणाल्या.

आणि त्या हसल्या. लेक कधी मेला ते ऐकून हसणारी आई मी तरी दुसरी पाहिलेली नाही. हसता हसताच त्यांना रडू फुटलं. इतकी वर्षं ही बाई भिऊन भिऊन जगली होती, लेकासाठी नुसतं रडायला तिला सवडच मिळाली नव्हती. माझ्याही छातीवरचा धोंडा उतरल्यासारखं झालं.

पोपटराव गांगरून उठायला लागले. सासूबाईंनी त्यांच्या हाताला धरून खाली बसवलं, पदरानं तोंड पुसलं आणि त्यांच्यापुढं मांडी घालून बसल्या.

“कुठं निघालास बाबा? माझा मल्हारी कसा व्हता तिकडं, ते सांग. पयल्यापास्नं सांग.”