मास्क पडल्याचा आवाज

पोरीसाठी वेल्डिंगचं हेल्मेट घ्यायला बाप दुकानात आला, तो तिचाच हात धरून. चाळीस वर्षं त्याने वेल्डिंगचे छोटे टाके नुसते डोळे मिटून मारले होते. एवढ्याशा कामाला मास्क कशाला, म्हणायचा. रोज थोडी थोडी आग पापण्यांआड शिरत गेली. ते साठीनंतर उमगलं. उशिरा सुचलेलं शहाणपण, दुसरं काय! आता सावल्या तेवढ्या दिसतात, असं तो सांगे.

पोरीने बापाचं वर्कशॉप घेतलं आणि ही खोडही उचलली. खाण तशी माती. पण परवा स्टुलावर बसल्या बसल्या त्याने चोरी पकडली.

"मास्क न पाडता टाका मारलास ना? आवाज नाही आला."

दुकानदाराने नवं हेल्मेट काढलं. ठिणगी पडताच काच आपोआप काळी होते, मास्क वरखाली करायची भानगडच नाही. वर हलकं. तिला ते बघताक्षणी आवडलं.

"थांब, आधी मी बघतो," म्हणत बापाने ते डोक्यावर चढवलं. दुकानदाराने काचेसमोर लायटर पेटवला.

"वा! मिट्ट काळोख झाला की!"

"अहो काका, बॅटरी अजून घातलीच..."

तिने दुकानदाराकडे बघत ओठांवर बोट ठेवलं. काच काळी झालीच नव्हती. बापाच्या सावल्याही गेल्या होत्या, आणि त्याने तिला पत्ता लागू दिला नव्हता.

बापाने हेल्मेट उतरवलं. "चांगलंय. पण नको. मान झटकली की मास्क तोंडावर पडतो, तसलं जुनं द्या."

"बाबा, जड असतं ते. मान मोडेल माझी."

"ते पडताना वाजतं गं. हे मुकं. तुझे डोळे झाकलेत, हे मला कसं कळणार?"

एरवी तिने हुज्जत घातली असती. तिने मुकाट्याने जडच घेतलं.

दुसऱ्या दिवशी बाप वर्कशॉपात स्टुलावर बसला. खट्, मग चर्रर्र. दर टाक्याला तो समाधानाने मान हलवी. दुपारी म्हणाला, "ढग आलेत वाटतं. उजेड कमी झालाय."

दारात रखरखीत ऊन होतं.

"हो बाबा," ती कशीबशी म्हणाली. पुढे हुंदका येणार होता. तिने मान झटकली. खट्.

"शाब्बास," बाप म्हणाला.