सात मिनिटांचं भूत

"सोडला! ऐका, ऐका! श्वास सोडला त्यानं!"

फुंकरबुवा ओरडले आणि धक्क्यावरची दीडशे-दोनशे माणसं एकदम पुढं सरकली. बुवा होडीत उभे. पायाशी पेट्रोलची लाल टाकी. तिच्या झाकणावरची लाख त्यांनी नखानं उकरली होती, झाकणावर दोन बोटं फिरवली होती, आणि टाकीतून 'स्स्स' असा लांबलचक आवाज आला होता. मग बुवांनी होडीच्या मोटारीवर तीन फुंकरी घातल्या. नावाडिणीनं दोरी ओढली. नदीच्या मधोमध मेलेली मोटार फटफट करत जागी झाली. बायकांनी हात जोडले. एक म्हातारा तर रडायलाच लागला.

नर्सबाई लसींचा डबा मांडीवर घेऊन त्याच होडीत बसली होती. मधल्या डोहात मोटार बंद पडल्यावर वल्ही मारत परत यावं लागलं होतं, त्यात तासभर गेला होता. डब्यातला बर्फ पाणी होत चालला होता, पलीकडच्या काठावर तान्ही पोरं घेऊन आया ताटकळत होत्या, आणि इथं हा तमाशा!

गोष्ट अशी होती. नावाडिणीचा नवरा गेल्या वर्षी त्या डोहात बुडाला. बाई रडत बसली नाही, होडी तिनंच चालवायला घेतली. दोन महिन्यांपूर्वी मोटार आचके द्यायला लागली, तेव्हा दीर फुंकरबुवांना घेऊन आला. वहिनीच्या होडीवर त्याचा डोळा होताच. आयत्या बिळावर नागोबा! बुवांनी मोटारीला कान लावला आणि निदान केलं, "नवरा आत बसलाय तुझा. पेट्रोल पितो. टाकीचं तोंड बांधायला हवं." त्यांनी झाकणावर लाख ओतली, आणि पुढं रोज पेट्रोल भरलं की पुन्हा ओतू लागले. तेव्हापासून रोज, न चुकता, डोहापाशी मोटार बंद.

गावचा मेकॅनिक पान्या बिचारा हैराण. सुरुवातीला कार्बुरेटरात खरंच घाण निघाली होती, ती त्यानं काढली. पुढं कार्बुरेटर आणखी दोनदा उघडला, जेटच्या बारीक भोकातून हवा मारली, प्लग बदलला, पेट्रोल फडक्यातून गाळून घेतलं. गॅरेजात स्वतःच्या टाकीवर जोडली की मोटार गाणं म्हणायची. "माझ्याकडून ओके आहे," म्हणून तो हात पुसायचा. बुवांच्या टाकीला मात्र त्यानं बोट लावलं नव्हतं. लाख मंतरलेली ना!

आणि आज निकाल लागणार होता. बुवांनी तोडगा सांगितला होता: होडी दिराच्या ताब्यात, आणि नावाडिणीनं चाळीस दिवस बुवांच्या मठात राहून 'सेवा' करायची. कसली सेवा, हे नर्सबाईला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. नोकरीच्या वीस वर्षांत असल्या सेवेतून परतलेल्या दोघीजणी तिनं तपासल्या होत्या.

"जाते मी," नावाडीण तिला हळूच म्हणाली. "बुडाले त्या दिवशी सकाळी मी त्यांच्याशी भांडले होते, बाई. उपाशीच गेले. त्याचाच राग काढतात."

नर्सबाईचं लक्ष टाकीपासून मोटारीकडं जाणाऱ्या नळीवर होतं. त्या नळीत मध्ये रबराचा एक फुगा असतो, पेट्रोल चढवायला दाबतात तो. डोहात तो चपटा झाला होता, आतून कुणी चोखून घेतल्यासारखा. आणि आत्ता, 'स्स्स' होताच, तो टरारून फुगला होता. हे कुठंतरी पाहिलंय आपण, तिला वाटलं. कुठं बरं?

आणि आठवलं. काचेची सलाईनची बाटली! नोकरीत नवी असताना ती हवेची सुई टोचायला विसरली होती. थेंब पडता पडता थांबले होते, आणि मोठ्या सिस्टर सगळ्या वॉर्डासमोर ओरडल्या होत्या.

ती उठून उभी राहिली. "बुवा, एक शंका. नवरा डोहातच धरतो ना? इथं धक्क्याला नाही?"

"डोह हेच त्याचं घर, मुली."

"मग लाख लावा पुन्हा. होडी इथंच बांधून मोटार चालवू. इथं ती बंद पडायलाच नको."

बुवांचा चेहरा क्षणभर पडला. "देवाच्या कामात परीक्षा घेऊ नये."

"होऊ दे की, बुवा!" मागून कुणीतरी ओरडलं. "तुम्हाला कसली भीती? हातच्या काकणाला आरसा कशाला?" आणि सगळा धक्का "होऊ दे, होऊ दे" करू लागला. भक्तांनीच कोंडीत धरल्यावर बुवा काय करणार! त्यांनी झाकणावर पुन्हा दोन बोटं फिरवली आणि लाख वितळवून ओतली.

गर्दीतून पुढं येऊन पान्यानं होडी दोरखंडानं करकचून बांधली आणि रोजच्याच वेगानं मोटार चालवली. दोरखंड ताणला, पाणी घुसळून निघालं. नर्सबाईनं छातीवरच्या घड्याळात पाहिलं. तीन मिनिटं. पाच. फुगा चपटा होऊ लागला. सातव्या मिनिटाला मोटार खोकली, थरथरली आणि गप्प झाली.

डोह तिथून लांब होता. धक्क्यावरच्या सगळ्या माना बुवांकडं वळल्या.

"मयत चालत आलं वाटतं," नर्सबाई म्हणाली. तिनं पिशवीतून कापूस काढला, लाख खरवडली आणि खालच्या बारक्या स्क्रूला हात घातला.

"व्हेंटला हात लावू नकोस!" बुवा किंचाळले.

पान्यानं मान वर केली. "काय म्हणालात? व्हेंट? इथं सगळे त्याला हवेचा स्क्रू म्हणतात, बुवा. व्हेंट शहरातले गॅरेजवाले म्हणतात. कुठल्या गॅरेजात होतात?"

बुवा होडीच्या कडेकडं सरकले. पितळ उघडं पडलं होतं.

नर्सबाईनं स्क्रू फिरवला. 'स्स्स.' भोकावर धरलेला कापूस उडाला नाही, उलट आत ओढला जाऊन भोकाला चिकटला. "बघा, नीट बघा! बुवा म्हणतात श्वास सोडला. टाकी सोडत नाहीये, घेतेय! तेलाच्या डब्याला एकच भोक पाडलं तर तेल येतं का गं बायांनो? दुसरं का पाडता?"

"हवा जायला," तीन-चार जणी एकदम म्हणाल्या, आणि म्हणता म्हणता एकमेकींकडं बघू लागल्या.

"मोटार पेट्रोल ओढते, तेवढी हवा टाकीत जायला हवी. या माणसानं ते भोकच बुजवलं. सात मिनिटांत टाकीचा जीव घुसमटतो. डोह सात मिनिटांवर आहे, बास!"

पान्यानं कपाळावर हात मारला. "तीनदा कार्बुरेटर उघडला मी! माझ्या टाकीचा स्क्रू कायम उघडा, म्हणून तिच्यावर चालायची. या लाखेला हात लावायला घाबरलो. लाज वाटते."

"वाटायलाच हवी," नर्सबाई कडाडली. "आणि मलाही. तीन आठवडे मी या होडीत बसून नुसती नाक मुरडत होते. शेंबडं पोरही तेल ओतताना जे बघतं ते आपण बघितलं नाही, आणि एका बाईला या माणसाच्या मठात ढकलायला निघालो. शी!" बुवा गर्दीतून वाट काढू लागले. दीर त्यांच्याही पुढं होता.

स्क्रू उघडा ठेवून होडी निघाली. घड्याळात सात मिनिटं झाली, आठ झाली. डोह आला. मोटार एकसुरात चालत राहिली. नावाडीण डोहाच्या पाण्याकडं बघत होती.

"बाई, म्हणजे ते रागावले नव्हते माझ्यावर?"

"मेलेला माणूस रागवत नाही गं. त्याच्या नावानं जिवंत माणसं बोलतात, आणि आपण कान देतो. यापुढं कुणी म्हणालं, भूत आहे, तर आधी झाकण बघायचं. झाकण कुणी लावलं तेही बघायचं."

नावाडिणीनं मान हलवली. डोह मागं पडला तेव्हा तिनं होडीच्या तळाशी पडलेला, झाकणावरून खरवडलेला लाखेचा तुकडा उचलला आणि पाण्यात भिरकावला. मग पदरानं डोळे पुसून म्हणाली, "डबा घट्ट धरा बाई, वेग वाढवते. पोरं वाट बघतायत."