वीस जुलैचा जन्म

कापडे गावच्या हायस्कुलात रोज परिपाठाला दिनविशेष वाचतात. वीस जुलैचा दिनविशेष अंकिताला तोंडपाठ होता, कारण त्यात ती स्वतःच होती.

फळ्यावर गुरुजी रंगीत खडूने लिहायचे. घटना : माणूस चंद्रावर उतरला, खडपवाडीवर दरड कोसळून पाच स्त्रियांचा मृत्यू. जन्म : आनुवंशिकतेचे जनक ग्रेगोर मेंडेल, आणि त्याच्याखाली, जागा पुरावी म्हणून जरा बारीक अक्षरात, कु. अंकिता, खडपवाडी. सातवीत असताना तो तिलाच मोठ्याने वाचायला लावला होता. त्या दिवसापासून पोरांनी तिचं नाव टाकून दिलं. "ए दिनविशेष, वही दे." "दिनविशेष, सर बोलावतायत."

बी.एस्सी.ला गेल्यावर तिने एकदा गुरुजींना सांगितलं होतं की चंद्रावर पहिलं पाऊल पडलं तेव्हा आपल्या घड्याळात एकवीस जुलैची सकाळ झाली होती, साडेआठ वाजत आले होते. गुरुजी म्हणाले, "फळ्यावर आहे ते राहू दे. लोकांना सवय झालीय."

दरड कोसळली त्याला आता बावीस वर्षं होत होती. वाडी तेव्हाच डोंगरावरून उठवून खाली रस्त्याला आणली होती, पत्र्याच्या एकसारख्या घरांत. दर वर्षी वीस जुलैला तिथे मांडव पडायचा. पाच बायकांचे फोटो लागायचे, तालुक्याहून कोणीतरी भाषणाला यायचं, आणि दिवा अंकिता लावायची. मग साळूबाई पुढे यायची. तिची सून वैशाली त्या पाच जणींत होती. अंकिताच्या आईचं, शेवंतीचं, बाळंतपण करायला वैशाली पावसात धावत गेली, पोर सुखरूप झाली आणि त्याच संध्याकाळी डोंगर आला, असं सगळी वाडी सांगायची. साळूबाई आदल्या दुपारपासून अन्नाला शिवायची नाही. मांडवात अंकिताने तिच्या तोंडात भाताचा पहिला घास घातला की तिचा उपास सुटायचा. तेवढ्यात बायका डोळे पुसून घ्यायच्या, फोटो निघायचे. लहानपणी अंकिताला वाटायचं, सगळ्यांचे वाढदिवस असेच असतात.

या वर्षी पुण्याला एम.एस्सी.च्या यादीत तिचं नाव लागलं. रसायनशास्त्र, शेवटून दुसरी जागा. मूळ कागदपत्रं घेऊन स्वतः हजर राहायची शेवटची मुदत होती वीस जुलै, दुपारी चारपर्यंत. गेल्या वर्षीही नाव लागलं होतं आणि तेव्हाही मुदत त्याच दोन-तीन दिवसांत होती. आई म्हणाली होती, पुढच्या वर्षी बघू. मग अंकिताने वर्षभर महाडच्या एमआयडीसीत एका प्रयोगशाळेत बाटल्या धुतल्या आणि चिठ्ठ्या चिकटवल्या.

यादी शुक्रवारी रात्री लागली, मधे शनिवार-रविवार. "सोमवारी पहाटेची पावणेसहाची एसटी धरली तर दोनपर्यंत पोचते," अंकिता म्हणाली. आंबेनळी घाट बंद होता, म्हणजे महाडवरून वळसा घालूनच जायचं.

शेवंती तांदूळ निवडत होती. तिने वर पाहिलं नाही. "सोमवारी वीस तारीख हाय."

"म्हणूनच सांगतेय."

"तो दिस तुझा नाय, पोरी. तो वाडीचा हाय. साळूबाईचा हाय. म्हातारी उपाशी बसंल, तिला काय तोंड दाखवू मी?"

"एक वर्ष दुसऱ्या कोणी घास दिला तर?"

"कोणी म्हंजे कोण? वैशालीच्या हातनं कोण झालं, तू का दुसरं कोणी?"

अंकिता समोर बसून तांदळातले खडे वेचू लागली. 

रविवारी सकाळी मांडवाच्या समितीचा हर्षद मोटरसायकलवरून बॅनर घेऊन आला. मुंबईत दहा वर्षं काढून तो गावी आला होता आणि बोलण्यात ती दहा वर्षं अजून होती. त्याने बॅनर दारातच उलगडला.

"बघ दिनविशेष, एकदम क्लिअर आलाय! महाडला नवीन मशीन आलंय. पेपरवाल्याकडनं ओरिजनल फोटो काढून आणला, टेन्शनच नाय. आता तू आणि तो मेंडेल, दोघंच फेमस."

"मेंडेलला घास भरवावा लागत नाही," अंकिता म्हणाली.

हर्षद बॅनर तिथेच ठेवून हसत निघून गेला.

फोटो तिच्या ओळखीचा होता. बावीस जुलैला पोलादपूरच्या शाळेतल्या छावणीत काढलेला. नर्स कापडाच्या झोळीत उघड्या बाळाचं वजन करतेय आणि मागे शेवंती बसलीय. घरात त्याचं वर्तमानपत्रातलं कात्रण होतं, पिवळं पडलेलं, आगपेटीएवढं. त्यात बाळ म्हणजे एक फिकट डाग होता. बॅनरवर ते बाळ हातभर लांब झालं होतं. अंकिता खाली बसली. सवयीने तिने आधी एका कडेपासून पाहायला सुरुवात केली, सूक्ष्मदर्शकाखालची काचपट्टी पाहतात तशी. नर्सचं घड्याळ. वजनकाट्याचा आकडा. बाळाच्या मुठी. बाळाचं पोट.

तिथे तिची नजर थांबली. पोट स्वच्छ होतं. बेंबी होती, नाळ नव्हती.

 मग तिने आईला हाक मारली.

"आई, या फोटोत मी किती दिवसांची आहे?"

"दोन. तुला ठाव नाय?"

"दोन दिवसांच्या बाळाची नाळ गळून पडते?"

शेवंतीच्या हातातलं सूप तसंच राहिलं. तिने बॅनरकडे पाहिलं, मग दाराकडे, आणि उठून दार लोटून घेतलं.

"सहा दिसांची व्हतीस," ती म्हणाली. "त्या नर्सला कळलं व्हतं. ती काय बोलली नाय."

अंकिता सोळा जुलैला झाली होती. पावसाने वाडीचा खालचा रस्ता तुटला होता, गडी सगळे मुंबईला, वरच्या आळीत उरलेल्या पाच बायका तेवढ्या; जन्माचं त्यांनाच ठाऊक. वीस तारखेला पाचवी होती. पाचव्या दिवशी सटवाईची पूजा करायची, बायकांना जेवायला बोलवायचं. पण पाऊस थांबेना आणि बायका म्हणू लागल्या, आपापल्या घरूनच हात जोडतो.

"मला राग आला," शेवंती म्हणाली. "पहिली पोर झाली व्हती. मी निरोप धाडला, पोरगा झाला असता तर सगळ्या गुडघाभर पाण्यातनं आल्या असतात. पोरगी झाली म्हून पाऊस लागतो का तुम्हांला? मग आल्या. पाची जणी आल्या."

 जेवणं झाली होती. बायका ओटीवर पान खात बसल्या होत्या. शेवंतीला सोयर, म्हणून ती पोर घेऊन मागच्या खोलीत. दिवेलागणीला डोंगर तिरका आला आणि पुढचं अर्धं घर घेऊन गेला.

"छावणीत तलाठी नावं लिवून घेत व्हता. पोर कवा झाली, म्हणाला. साळूबाई माझ्या म्होरंच बसली व्हती. आठ-धा दिस नाते गावी लेकीकडं अडकलेली, तवाच येऊन पोचली. म्हणाली, माझी वैशाली तुझ्याकडं कशाला गेली व्हती गो? मी तिच्या तोंडाकडं बघितलं. मी म्हटलं, मला कळा लागल्या, मी बोलावलं. पोर त्याच दिवशी झाली. ती म्हणाली, मग पुण्याईच्या कामाला गेली. तलाठ्यानं तेच लिवलं. मग पेपरात आलं, मग गुरुजींनी फळ्यावर लिवलं. मग मी कुठं जाऊन पुसू?"

अंकिताच्या डोळ्यापुढे ती सगळी वर्षं येत होती. प्रत्येक मांडव, प्रत्येक घास. तिला आईची दया आली. त्याच वेळी, आणि याची तिला नंतर फार लाज वाटली, डोक्यात एक साधं वाक्य तयार झालं : म्हणजे उद्या माझा जन्मच नाही.

दुपारी ती साळूबाईकडे गेली. आळीच्या टोकाचं घर, एसटीच्या थांब्यासमोर. साळूबाई उंबऱ्याशी बसली होती. तिला आता माणूस आकारावरून ओळखू यायचा, चेहऱ्यावरून नाही.

"कोण? अंकी का? ये गो. आज आमच्यात चहा नाय हां, चूल बंद केली मी दुपारपासनं."

"आजी, मला पुण्याला जायचंय. उद्या पहाटे. कॉलेजात नाव लागलंय, उद्याच हजर व्हायचं आहे. नाहीतर जागा जाईल."

"परवा जा."

"परवा चालत नाही."

साळूबाईने थोडा विचार केला. "नाय गो," ती म्हणाली, आणि ते इतक्या मायेने म्हणाली की अंकिताला भांडताही येईना. "माझ्या वैशालीनं शेवटचं जे काय केलं, ते तू. वरीसभर कुठं बी ऱ्हा, मुंबईला जा, दुबईला जा. त्या एका दिशी मला समोर हवीस. मी आता किती वर्षं? दोन? तीन?"

"घास आत्ता भरवते. आत्ता भात लावते."

"आत्ता कशाला? ती आज गेली का?"

अंकिता जे ठरवून आली होती ते सगळं संपलं होतं. अजून दोन वर्षं, तीन वर्षं. यादीतली शेवटून दुसरी जागा. ती म्हणाली, "आजी, मी त्या दिवशी जन्मले नव्हते." आणि मग थांबता येईना. सोळा तारीख, पाचवी, निरोप, तो टोमणा, सगळं तिने सांगितलं. प्रयोगाची नोंद वाचावी तसं, क्रमाने, एकही पायरी न गाळता. सांगताना ती आकाराकडेच पाहत होती, चेहऱ्याकडे नाही.

पावसाची एक सर येऊन गेली. समोरच्या थांब्यावरून एक ट्रक गेला.

"पाचवीला गेली व्हती?" साळूबाईने विचारलं.

"हो."

"मग जेवली व्हती?"

अंकिताला प्रश्न कळला नाही. "कोण?"

"वैशाली गो! जेवली का ती? का तशीच बसली व्हती?"

"जेवली. आई म्हणाली, जेवणं झाली होती."

"पोटभर?"

"ते मी विचारलं नाही."

साळूबाईने दोन्ही हात उंबऱ्यावर टेकले. "लेकीकडं जायच्या आधी आम्ही भांडलो," ती म्हणाली. "कशावरनं ते आता आठवत बी नाय. मी तांदळाच्या पेटीला कुलूप घातलं आणि किल्ली कनवटीला लावून गेले. चार दिसांचे तांदूळ भाईर काढून ठेवले व्हते, चवथ्या दिशी येणार व्हते ना मी. मग रस्ता तुटला. आठ दिस झाले. ती मागायची नाय कोणाकडं, मोठी मानी. मेली तवा तिच्या पोटात काय व्हतं, एवढं मला बावीस वर्षं कोणी सांगितलं नाय. लोक म्हणतात, म्हातारी सुनेसाठी उपास करते. मी उपास नाय करत. मला त्या दिशी गिळवतच नाय."

अंकिता तिच्याजवळ सरकली. साळूबाईने तिचा हात धरला नाही.

"शेवंतीला ठाव व्हतं ती जेवली ते."

"कुलुपाचं तिला माहीत नव्हतं, आजी. तुम्हाला बरं वाटावं म्हणून ती..."

"जेवली ते तर ठाव व्हतं." आवाज चढला नव्हता. "रोज पाण्याला भेटत व्हती. दर साली मांडवात माझ्या शेजारी बसत व्हती. बावीस वर्षं मला उपाशी ठेवलं तिनं." तिने थांब्याकडे हात केला. "तू जा पुण्याला. तुझं काय नाय यात. शेवंतीला सांग, उद्या मांडवात येऊ नको. सकाळी हितं ये. एकटी ये."

घरी येऊन अंकिताने कुलुपासकट सगळं सांगितलं. शेवंती भाकरी थापत होती. थापत राहिली.

"तुला म्हातारीसाठी सांगायचं व्हतं का जायचं व्हतं म्हून सांगितलंस?"

अंकिताला खोटं बोलता आलं असतं. "जायचं होतं म्हणून," ती म्हणाली.

"हं." शेवंतीने भाकरी तव्यावर टाकली. "मग आता जा तरी. ऱ्हायलीस तर माझं बी गेलं आणि तुझं बी."

पहाटे दोघी एकाच छत्रीतून रस्त्याला आल्या. शेवंतीने पिशवी आणली होती, कागदांची फाईल अंकिताने पोटाशी धरली होती. त्यातल्या प्रत्येक दाखल्यावर वीस जुलै होती आणि ती आता कधी बदलणार नव्हती. बदलायची तर शेवंतीला कचेरीत सगळं परत सांगावं लागलं असतं. साळूबाईचं दार उघडं होतं. आत दिवा होता.

"आई, मी येते तुझ्याबरोबर. पुढच्या गाडीने जाईन."

"एकटी ये म्हणालीय ती." शेवंतीने पिशवी तिच्या हातात दिली. "आणि पुढची गाडी नवाला हाय. तू विज्ञान शिकलीस ना, मग हिशेब कर."

एसटीचे दिवे वळणावर दिसले तशी शेवंतीने छत्रीही तिच्याकडे दिली आणि वळून रस्ता ओलांडला. अंकिता चढली, डाव्या बाजूच्या खिडकीशी बसली. गाडी अजून थांबलेलीच होती. शेवंतीने साळूबाईच्या पायरीखाली चपला काढल्या आणि उभी राहिली. आतून कोणी ये म्हटलं नसावं, कारण ती वर चढली नाही. बसही म्हटलं नसावं. ती पागोळ्यांच्या अगदी खाली उभी होती, पदर डोक्यावर न घेता.

कंडक्टरने खिडकीशी येऊन तिकिटाचं यंत्र पुढे केलं. "अरे, तुम्हीच ना त्या मांडवात दिवा लावणाऱ्या? आज तर तुमचा कार्यक्रम! आज कुठं निघालात?"

मागे दोन बायका वळून तिच्याकडे पाहू लागल्या. बेल वाजली. उतरायचं असेल तर हा शेवटचा क्षण होता आणि तो तिला नीट कळला होता.

"महाड," ती म्हणाली. "एक."

गाडी हलली. काचेवर पाणी ओघळत होतं आणि त्यातून आई उभी आहे की बसली, हे आता सांगता येत नव्हतं.