कळशीतली हाक

मी कळशी बोलते आहे. अस्सल तांब्याची, त्या हलक्या स्टीलच्या पोरींत मला मोजू नका. सौंसरच्या बाजारातून प्रेमलताच्या आंदणात आले आणि तिच्याच कमरेवर बसून सासरच्या तळ्यावर जाऊ लागले.

तेव्हा तळं गजबजलेलं असायचं. मी बुडाले की मासोळ्या माझ्या काठाला तोंड लावायच्या. संध्याकाळी बेडूक कान किटवायचे.

मग पलीकडे कारखाना उभा झाला. चौऱ्याऐंशी सालापासून त्याचा पिवळट-तांबूस धूर तळ्यावर पसरून राहायचा. दोन-तीन पावसाळ्यांत पाणी इतकं नितळ झालं की तळाचे गोटे दिसायचे. बायका म्हणायच्या, देवी पावली. मीही आपोआप लखलखू लागले, चिंच नको की राख नको. मेली फुगून गेले मी! पण बुडताना तोंड लावायला आता कोणीच यायचं नाही. मला त्या शांततेची भीती वाटायची.

प्रेमलताला सहा वर्षं मूल नव्हतं. सासू शकुबाई तिला माझ्यात रात्रभर ठेवलेलं पाणी सकाळी अनशापोटी द्यायची. एक दिवस ती ओकली. मग रोजच. महिनाही चुकला होता.

"सून ओकून राहिली," म्हणत शकुबाईनं आळीभर गूळ वाटला.

प्रेमलतानं मनातच नाव ठरवलं, गुणवंता. पाणी भरण्याआधी माझ्यात तोंड घालून हळूच हाक मारायची. मी ती परत द्यायची. दोघी हसायचो.

पण पोट काही दिसेना. ती मात्र वाळत चालली. शेजारच्या रजनी मास्तरीणबाईंना शाळेत दाखवायला तळ्यात एक बेडूक मिळेना, म्हणून त्यांनी शाळेतला निळा लिटमस कागद पाण्यात बुडवून पाहिला. तो लाल झाला. त्या तडक आमच्याकडे आल्या. धुरातल्या नायट्रोजनच्या वायूंचा हवेत तेजाब होतो, तो पावसासोबत तळ्यात उतरतो, असं त्यांनी शकुबाईला समजावलं. त्यानंच मासे गेले होते, आणि तेच पाणी रात्रभर माझं तांबं खात होतं.

"काकू, ती पोटुशी नाही. ती तांबं पिऊन राहिली."

प्रेमलता चुलीपाशी होती. तिनं सगळं ऐकलं.

आता घरात हापशीचं पाणी येतं. ती बरी झाली. मी माळ्यावर पडून असते. घरात कोणी नसलं की ती मला खाली काढते, माझ्यात तोंड घालते आणि म्हणते, "गुणवंता."

रिकाम्या भांड्याला आवाज परत द्यावाच लागतो. मी देते. ती ऐकते आणि पुन्हा हाक मारते.

कोणीतरी मला मोडीत घाला हो.