तेजोनाथांचा तीनशे वॉटचा दोरा

मिरजगावच्या मंगल कार्यालयात त्या रविवारी पाय ठेवायला जागा नव्हती. स्टेजवर नवरा-नवरीऐवजी सायकल होती. मागचं चाक रोलरवर टेकवलेलं, त्यामुळे कितीही पेडल मारा, सायकल जागची हलत नव्हती. पायांची ताकद मात्र पडद्यावर वॉटमध्ये दिसे. सीटवर माझी विद्यार्थिनी संस्कृती, जिल्हा संघातली सायकलपटू. आकडा एकशे वीस.

"ब्रह्मांडाचं व्होल्टेज कमी पडतंय, बाळ! थांब!" तेजोनाथ महाराज गरजले.

शिष्याने वाकून मागच्या चाकाला हळदकुंकू वाहिलं, महाराजांनी हँडलला लाल दोरा बांधला. पुन्हा पेडल सुरू. दोनशे... अडीचशे... तीनशे! टाळ्यांचा कडकडाट.

"आता त्या लोहाच्या गोळ्या टाका उकिरड्यावर!"

संस्कृतीची आई सविता हात जोडून "व्हय महाराज" म्हणाली. पोरीचं हिमोग्लोबिन सातवर आलेलं, म्हणून तर डॉक्टरांनी त्या गोळ्या दिलेल्या! मी उठून स्टेजकडे निघाले.

संस्कृती खाली उतरली ती गोंधळूनच. "बाई, तीनशेला माझा जीव जायला पायजे. इथं तर घामबी न्हाई आला. पाय नुसते पोकळ फिरत हुते."

मी चाकामागे वाकले. तिथे जोर कमी-जास्त करायची एक कळ होती. सहाव्या खाचेवर चाक जड, पहिल्यावर हलकं. कळ पहिल्या खाचेवर होती, तिच्यावर ताजं कुंकू. पडदा मात्र 'सहा' धरूनच चाकाच्या वेगावरून वॉटचा अंदाज बांधत होता. चाक हलकं झालं, वेग वाढला, आकडा फुगला.

मी दोरा काढला आणि समोरच बसलेल्या पंच्याहत्तरीच्या सहदेवतात्यांना सायकलवर बसवलं. तात्यांनी धोतर खोचलं, तोंडातली तंबाखू न थुंकता पाय मारले. दोनशे ऐंशी!

"आयला, मला धाडा की जिल्ह्याला!"

सभागृहभर हशा. महाराज सावरले. "आमचीच शक्ती बाईंच्या हाती उतरली!"

"बरं," मी कळ सहावर नेली. "आता शिष्याला लांब बसवा आणि बांधा दोरा."

दोरा बांधला, मंत्र झाले. तात्या पन्नासवरच धापा टाकू लागले. "महाराज, वॉट राहू द्या, माझी वाट लागली!"

महाराजांना एकाएकी दुसऱ्या गावचा कार्यक्रम आठवला.

सविता रडवेली झाली. "बाई, आकडा डोळ्यांनी बघितला म्हनून इस्वास बसला वो."

तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही. ठग आता राख-अंगाऱ्यावर भागवत नाहीत, पडदा आणि आकडे घेऊन येतात. म्हणून आकडा कितीही मोठा दिसला, तरी तो कुणी मोजला, कसा मोजला हे भर सभेत विचारा. आणि डॉक्टरांनी दिलेली गोळी कुणा महाराजाच्या सांगण्यावरून बंद करू नका.