कुंपणाबाहेरचं पाणी

रंभाबाईनं वेदीवरचं कापड पहिल्या पाण्यातून पिळून काढलं आणि ती बादली उचलून कुंपणाबाहेर निघाली. प्रभुभोजनाचा द्राक्षारस लागलेल्या कापडाचं पहिलं पाणी गटारात जाऊ द्यायचं नाही, मातीलाच द्यायचं, असा या चर्चचा रिवाज. आता माती काय, कुंपणाच्या आतही भरपूर होती. पण रंभाबाई बाहेरच जायची, आणि का, हे विचारायची इतक्या वर्षांत कुणाला फुरसत झाली नव्हती.

चर्च रेल्वेच्या गोऱ्या साहेबांनी बांधलेलं. साहेब विलायतेला गेले तेव्हा मागच्या बाकांवरच्या देशी माणसांना पुढचे बाक मिळाले, पण हळूहळू ती माणसंही कमी होत गेली. आता सत्तर साल संपताना वेगवेगळ्या पंथांच्या सगळ्या ख्रिस्ती मंडळ्या एक झाल्या होत्या. पुढच्या रविवारपासून उपासना सोलापुरातल्या मोठ्या चर्चमध्ये होणार, इथं कुलूप. हे सांगायला नवे पाद्री शिवयोगी तिच्या मागोमाग बाहेर आले. तिकडे द्राक्षारस ज्याच्या त्याच्या काचेच्या छोट्या पेल्यातून देतात, सगळ्यांचा एक प्याला पुसायचं कापड लागत नाही, तेव्हा तुमचं धुणं वाचेल, असंही ते भल्या मनानं म्हणाले.

रंभाबाईनं कुंपणाच्या भिंतीलगत, बाहेरच्या बाजूला पाणी ओतलं.

“हितं माजं लेकरू हाय, साहेब.”

मग तिनं सांगितलं. रविवारी बाप्तिस्मा ठरलेला, पोर शुक्रवारीच गेलं. बाप्तिस्मा नाही म्हणून त्या वेळच्या पाद्रीसाहेबांनी कुंपणाच्या आतल्या दफनभूमीत जागा दिली नाही, प्रार्थनाही म्हटली नाही. नवऱ्यानं, रावजीनं, इथं खड्डा खणला. नळाला आज पाणी आलं नाही हे सांगावं, तशा आवाजात ती सांगत होती. तिचं रडू कधीच आटलं होतं.

शिवयोगी फार हळहळले, आणि हळहळण्याच्या भरात नको ते बोलून गेले.

“अहो, जीव जात असेल तर पाद्र्याची गरजच नसते. डोक्यावर पाणी घालून घरचं कुणीही बाप्तिस्मा देऊ शकतं. तुम्हीसुद्धा.”

तिनं रिकामी बादली खाली ठेवली.

“शेवटचं पानी मीच पाजलं की त्याला. तोंडात घातलं. डोक्यावर न्हाय घातलं.”

शिवयोगींना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी पिशवीतून प्रार्थनेचं पुस्तक काढलं आणि दफनाची प्रार्थना आत्ताच म्हणतो म्हणाले. नियम काय सांगतो हे त्यांनी बघितलं नाही. रंभाबाईनं पदर डोक्यावर घेतला.

काही ओळी झाल्यावर ते थांबले. इथं मृताचं नाव घ्यायचं असतं. काय नाव होतं, असं त्यांनी विचारलं.

“नाव पाद्रीसायबच ठिवनार हुते. रईवारी.”

आता ठेवू या का, म्हणून त्यांनी हलकेच विचारलं. तिनं नाही म्हणून मान हलवली.

“आता कोन हाक मारनार हाय? तेवढी जागा सोडा, आन् फुडं वाचा.”

शिवयोगींनी तेवढी जागा सोडली आणि पुढं वाचलं.