जिन्याखालून निघणारा रिपोर्ट

मित्रांनो, मी जिन्याखालचा जुना कॉम्प्युटर. भंगारवाल्याने मला उचललंच होतं. "थांबा, हा मला लागणार आहे," असं ताई म्हणाल्या, म्हणून राहिलो. तेव्हा बरं वाटलं होतं का, ते आता आठवत नाही.

आमची कंपनी गाद्यांची. तीन भावांची तीन दुकानं एकत्र आली, पण तिघांच्या नोंदी तीन निराळ्या सॉफ्टवेअरमध्ये. तीन तिघाडा, काम बिघाडा! थोरल्या साहेबांना रोज सकाळी तिन्ही दुकानांचा मिळून एकच रिपोर्ट हवा होता, आणि त्यासाठी खिशात हात घालायचा नव्हता. ताई हिशेबाच्या खात्यातल्या. त्यांनी माझ्यात फुकट मिळणारं सॉफ्टवेअर भरलं, तिन्ही डेटाबेसशी मला जोडून दिलं, आणि मी उजाडायच्या आत तिन्ही घरची खबर एका पानावर मांडू लागलो. "भंगारातून सोनं काढलंत हो!" असं थोरले ताईंना म्हणाले. मला कुणी काही म्हणालं नाही.

एक मेख मात्र होती. धाकटे भाऊ पुलापलीकडचं दुकान बघायचे. वणवण फिरून ते नवी गिऱ्हाइकं आणायचे. माल थोरल्यांच्या गोदामातून जायचा आणि बिलही तिथंच व्हायचं. गिऱ्हाईक कुणी आणलं, हे बिलावर नसायचं. नवं नाव दिसलं की ते कुणाचं, हे ताई भावांना फोन करून विचारायच्या आणि मला शिकवायच्या. ज्याचा धनी ठाऊक नाही, ते नाव मी ‘इतर’मध्ये टाकायचो.

मग थोरल्यांच्या डोक्यात आलं, रिपोर्ट आपोआप येतो तर ताई हव्यात कशाला? ताईंना कामावरून काढलं. "नव्या नावांकडे कुणीतरी बघा हं," असं त्या जाताना सांगून गेल्या. "बघू की," सगळे म्हणाले.

कुणी बघितलं नाही. रिपोर्टात धाकट्यांच्या ओळीतला आकडा आक्रसत गेला, ‘इतर’ फुगत गेलं. रिपोर्ट वेळेवर जात होता. शेवटी थोरल्यांनी पुलापलीकडचं दुकान बंद केलं. भावाभावांचं बोलणं तुटलं. त्या दुकानाच्या डेटाबेसला मी रोज हाक मारायचो, उत्तर यायचं नाही, मी शून्य लिहायचो. शून्य लिहिताना मला काही वाटलं नाही.

परवा धाकटे किल्ल्या द्यायला आले. थोरले मीटिंगमध्ये, म्हणून माझ्यासमोरच्या स्टुलावर टेकले.

"हे ‘इतर’ कोण रे? सगळ्यांत मोठे तर हेच दिसतात!" माझ्या पडद्यावरचा रिपोर्ट वाचत त्यांनी शिपायाला विचारलं.

"कुणास ठाऊक, साहेब. असतील कुणीतरी."

त्यांनी ‘इतर’ उघडलं. मुलींचं हॉस्टेल. डोळ्यांचं हॉस्पिटल. स्टेशनसमोरचं लॉज. एकेक नाव वाचताना ते आधी हसले, मग हसता हसता डोळे पुसू लागले. "अरे, ही तर सगळी माझीच गिऱ्हाइकं!"

तेवढ्यात थोरले बाहेर आले. त्यांनीही वाचलं. "मला कुणी सांगितलं कसं नाही?"

"तू विचारलंस का, दादा?" धाकट्यांनी किल्ल्या टेबलावर ठेवल्या आणि ते निघून गेले.

मित्रांनो, माझी काळजी घ्या, असं मी म्हणणार नाही. मला काही दुखत नाही. ज्यांना दुखतं, त्यांची नावं तेवढी वेळेवर उघडून बघत जा. उद्याही पहाटे मला रिपोर्ट पाठवायचा आहे. नावं अजून ‘इतर’मध्येच आहेत, ती कुणाची, हे मला अजून कुणी शिकवलेलं नाही.